संगणक सगळ्यात शेवटी आणा: गावच्या वाचनालयात सहा जागांची संगणक खोली

देणगीत संगणक मिळतात, फीत कापली जाते, फोटो निघतो आणि सहा महिन्यांत खोलीला कुलूप लागतं. यंत्रं बिघडलेली असतात असं नाही. अर्थिंग नसतं, मराठी टाइप होत नाही, नेटचं बिल कोणी भरायचं हे ठरलेलं नसतं, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो शेतावर गेलेला असतो. बहुतेक ठिकाणी कामाचा क्रमच उलटा लागतो: यंत्रं आधी, बाकीचं नंतर. खाली तो सुलटा करून दिला आहे.

गृहीत एवढंच, की वाचनालयात, ग्रामपंचायतीत किंवा समाजमंदिरात साधारण १२ बाय १५ फुटांची कोरडी खोली आहे. जागा सहाच ठेवा. आठ पोर्टच्या एका नेटवर्क स्विचवर (सगळी यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी) सहा संगणक, एक प्रिंटर आणि राउटरकडून येणारी एक वायर एवढं बरोब्बर बसतं, एका इन्व्हर्टरवर भागतं आणि एका माणसाला सहा पडद्यांवर लक्ष ठेवता येतं. दहा जागा करायच्या म्हटल्या की यातली प्रत्येक गोष्ट दुप्पट होते.

१. आधी ठराव, मग किल्ली

खोली कोणाची, लाइटबिल कोणाच्या नावावर आणि यंत्रं कोणाच्या मालकीची, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. तोंडी कबुली पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते. वाचनालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य असेल तर यंत्रं वाचनालयाच्या नावावर घेणं सोपं जातं, कारण तिथे नोंदवह्या आणि हिशेब तपासणी आधीपासून असते.

लागणारे कागद:
- खोली वापरायला देण्याचा ग्रामपंचायतीचा किंवा वाचनालयाच्या कार्यकारिणीचा ठराव, मुदतीसह
- वीजजोडणीची प्रत आणि बिल कोण भरणार याचा उल्लेख
- देणगीदाराचं पत्र: यंत्रांची संख्या, मॉडेल, प्रत्येकाचा सिरीयल नंबर
- डिस्क पुसून दिल्याचं देणगीदाराचं लेखी प्रमाणपत्र
- डेडस्टॉक रजिस्टरमधली (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीतली) नोंद
- बंद यंत्रं कोणाच्या सहीने निकालात काढायची, याचं एक वाक्य ठरावात

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. पण तो नसला तर डेडस्टॉकला चढलेलं मेलेलं यंत्रही हलवता येत नाही आणि पाच वर्षांनी खोलीचं गोदाम होतं.

किल्ली दोघांकडे द्या, त्यातली एक बाई असू द्या. वेळ संध्याकाळची ठेवा, आणि आठवड्यातले काही तास फक्त बायका-मुलींसाठी राखा. हे तास पाटीवर लिहा. तोंडी सांगितलेली राखीव वेळ पहिल्याच क्रिकेट सामन्याच्या दिवशी संपते. उद्घाटनाची तारीख मात्र आत्ता ठरवू नका. ती ठरली की वायरिंग घाईत उरकलं जातं.

२. लाइट: पैसे इथे खर्च करा

संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीत ऐकू येते. पॉवर सप्लायमधले फिल्टर थोडी गळती अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर ती पेटीच्या पत्र्यावर येऊन बसते. त्याने लगेच जीव जात नाही, पण यूएसबी पोर्ट, नेटवर्क पोर्ट आणि लोकांची भीड मात्र जाते. नवशिक्या माणसाला पहिल्याच दिवशी झटका बसला तर तो परत येत नाही.

तपासणी सोपी आहे. वायरमनकडून मल्टिमीटरने तिन्ही मोजमापं घ्या: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्ही साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ खूप कमी दाखवत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा मुळात नाहीच. इमारतीशेजारी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. कोरड्या जमिनीत चांगलं अर्थिंगही निकामी होतं. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवा. वायरमन परवानाधारक असावा. अर्थची हिरवी वायर न्यूट्रललाच जोडून ‘झालं अर्थिंग’ म्हणणारे भेटतात. मल्टिमीटरवर आकडे छान दिसतात, पण न्यूट्रल तुटली की सगळे पत्रे जिवंत होतात. म्हणून खड्डा आणि तिथपर्यंत गेलेली वायर डोळ्यांनी पाहा.

आता इन्व्हर्टरचा हिशेब. छोटा मिनी संगणक साध्या कामाला २५ ते ३० वॅट घेतो, १९ इंची एलईडी पडदा १५ ते २०. सहा जागांचे धरा २७० वॅट, वर राउटर आणि स्विच मिळून सुमारे ३००. मोठ्या टॉवर पेट्या घेतल्या तर हाच आकडा साडेचारशेवर जातो. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. ती पूर्ण उपसायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडे खातो, म्हणून हाती ९०० च्या आसपास धरा. म्हणजे मिनी संगणकांवर तीन तास, टॉवरवर दोन. भारनियमनाच्या गावात हा एक तास फार मोठा असतो.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या आणि मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते पाहा. दुसऱ्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बदली व्हायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात सगळे संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो. पुष्कळ ठिकाणी नवा यूपीएस विकत घेतल्यावर कळतं की बटणच चुकीच्या बाजूला होतं. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर कधीही जोडू नका; तापताना तो क्षणभर प्रचंड वीज ओढतो.

वायरी पीव्हीसी पट्टीतून न्या. उंदरांना नेटवर्कची वायर विशेष आवडते.

३. इंटरनेट: आधी पंचायतीत चौकशी करा

भारतनेट या केंद्र सरकारच्या ग्रामीण इंटरनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेली असू शकते. महाराष्ट्रात याच कामाचा एक भाग महानेट नावाने झाला. कपाटावर बसवलेली पांढरी किंवा काळी डबी, म्हणजे फायबर जिच्यात येऊन संपते ती ओएनटी, शोधा. तिच्यावरचा ‘पॉन’चा (PON) हिरवा दिवा स्थिर असेल तर लाइन जिवंत आहे. ‘लॉस’चा (LOS) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटली आहे किंवा कुठेतरी तीव्र कोनात दुमडली आहे. दोन्ही दिवे बंद असतील तर बहुधा कोणी तरी मोबाइल चार्ज करायला तिचा प्लग काढला आहे. हसू नका, तक्रार नोंदवण्याआधी हेच पाहायचं असतं.

भारतनेट नसेल तर खासगी फायबर, तीही नसेल तर सिमकार्डाचा ४जी राउटर. सिमवर चालवायचं असेल तर कोणत्या कंपनीची रेंज खोलीत आत मिळते ते संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान तपासा. दुपारी बाराला मिळालेला वेग फसवा असतो.

सहा जागांना ३० ते ५० एमबीपीएस पुरेसं आहे. कमी दर्जाचा व्हिडिओ प्रत्येकी साधारण दीड एमबीपीएस खातो. खरी अडचण वेगाची नसते, एकाच वेळी सहाही यंत्रं अपडेट ओढायला लागली की होते. अपडेट आपोआप होऊ देऊ नका. आठवड्यातून एकदा, खोली बंद करायच्या आधी, स्वतः करा.

संगणकांना वायर जोडा, वायफायवर सोडू नका. कॅट-६ ही नेटवर्कची वायर १०० मीटरपर्यंत चालते. टोकं स्वतः क्रिम्प करायची (प्लग दाबून बसवायचे) असतील तर दोन्हीकडे हाच क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पंचायतीची इमारत वेगळी आणि वाचनालय वेगळं असेल तर मध्ये तांब्याची वायर ओढू नका. वळवाच्या विजा त्याच वायरीने दोन्हीकडची उपकरणं जाळतात. तिथे फायबरच घाला.

लहान मुलं येणार असतील तर राउटरमध्ये डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) म्हणून १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. ही क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा आहे. अश्लील आणि घातक स्थळं त्यात अडतात. जाणकार मुलगा ती ओलांडू शकतो, म्हणून पडदे खोलीच्या मध्याकडे तोंड करून मांडा. २०११ चे सायबर कॅफे नियम धंद्यासाठी इंटरनेट देणाऱ्यांना लागू आहेत, पण त्यातली वापर नोंदवही आणि ती वर्षभर जपून ठेवण्याची पद्धत इथेही पाळा: नाव, जागेचा क्रमांक, आल्याची आणि गेल्याची वेळ, सही. उद्या पोलिसांनी विचारलं तर वहीच कामाला येते.

४. आता यंत्रं

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते. त्यामुळे चौथ्या ते सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं कंपन्या बाहेर काढत आहेत. गावच्या खोलीला ती उत्तम चालतात.

मागताना किंवा विकत घेताना एवढं पाहा:
- सगळी एकाच मॉडेलची. सहा लागणार असतील तर सात घ्या, सातवं सुट्या भागांसाठी.
- आय-३ किंवा आय-५, चौथी पिढी किंवा पुढची. रॅम ८ जीबी, नाइलाजाने ४.
- २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क. जुन्या यंत्राला जीव येतो तो हिच्याने. चिप बदलून एवढा फरक पडत नाही.
- बायोसला (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना? कंपनीतली यंत्रं अशी कुलूपबंद येतात. देणगीदाराच्या आयटी विभागाकडून ते तिथेच काढून घ्या.
- मिनी संगणकांसोबत मूळ अॅडाप्टर. डेलच्या यंत्राला अनोळखी अॅडाप्टर लावला तर ते सुरू होतं, पण चिप मुद्दाम मंद चालते आणि कारण कळत नाही.
- डिस्क बसवायची पट्टी आणि स्क्रू. कंपन्या डिस्क काढून घेताना तीही काढून नेतात.
- पडद्याचा पोर्ट. मिनी संगणकाला बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो आणि जुन्या पडद्याला व्हीजीए. मध्ये कन्व्हर्टर लागतो. सहा जागांना सहा.

दुकानातच प्रत्येक यंत्र अर्धा तास चालवून पाहा. वेळ चुकीची दाखवत असेल तर आतला सीआर२०३२ सेल संपला आहे. स्वस्त वस्तू आहे, सगळ्यांचे सरसकट बदला. कारण घड्याळ मागे गेलं की प्रत्येक वेबसाइट ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणते आणि लोक नेटवाल्याला फोन करत बसतात.

सुरूच होत नसेल आणि बीप वाजत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने पुसा आणि परत घट्ट बसवा. निम्मी ‘बंद’ यंत्रं एवढ्यावर उठतात. पंख्याची धूळ ब्रशने काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

जवळ ठेवायची हत्यारं: फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, क्रिम्पिंग टूल आणि वायर टेस्टर, मऊ ब्रश, थर्मल पेस्ट, १६ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, १ टीबीची एक बाहेरची डिस्क.

५. प्रणाली: एकावर चढवा, पाचांवर उतरवा

चोरीचं विंडोज घालू नका. देणगीदार कंपनी वापरत होती तो सामुदायिक (अनेक यंत्रांसाठी एकत्र घेतलेला) परवाना यंत्राबरोबर तुमच्याकडे येत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती घ्या: फुकट, हलकी, आणि विंडोजची सवय असलेल्यालाही चाचपडावं लागत नाही. २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट मिळणारी आहे. पत्रं आणि हिशेबाचे तक्ते करायचं लिबरऑफिस त्यात असतंच.

क्रम असा:
क) मिंटची फाइल उतरवून रूफस किंवा बालेना एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा.
ख) यंत्र सुरू करताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडा. काही कंपन्यांत हीच कळ एफ९ किंवा एस्केप असते.
ग) एसएसडी दिसतच नसेल तर बायोसमध्ये डिस्कचा प्रकार ‘रेड’ (RAID) आहे का पाहा, तो ‘एएचसीआय’ (AHCI) करा. इथे नवखे लोक डिस्क खराब समजून परत पाठवतात.
घ) पहिल्या यंत्रावर सगळं मनासारखं लावा: मराठी, छपाई, ब्राउझरचं पहिलं पान.
ङ) क्लोनझिला या प्रोग्रॅमने त्या यंत्राची प्रतिमा, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बाकीच्या पाचांवर उतरवा. एका यंत्राला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात.
च) उतरवल्यावर सगळ्यांचं नाव एकच राहतं. प्रत्येकाला क्रमांकाचं नाव द्या आणि तोच क्रमांक पेटीवर ठळक चिकटवा. ‘तिकडचा बंद पडलाय’ यापेक्षा ‘४ नंबर बंद’ बरं.

ही प्रतिमा जपून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी दुरुस्ती शोधत बसायचं नाही, पुन्हा उतरवायचं.

६. मराठी टाइप झालं नाही तर बाकी सगळं वाया

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी कळांची मांडणी, जोडा आणि भाषा बदलायची कळ एकच ठेवा, सहाही यंत्रांवर तीच. कळांवर देवनागरीचे पारदर्शक स्टिकर लावा. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोयही ठेवा, पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला इनस्क्रिप्टच शिकवा. ज्याला इंग्रजी स्पेलिंग येत नाही त्याला ‘ज्ञ’ कसा लिहायचा हे रोमन अक्षरांत सांगणं म्हणजे एका अडचणीवर दुसरी लादणं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला असतात.

लोक अडतात त्या जागा कागदावर छापून भिंतीला लावा. ळ म्हणजे शिफ्ट आणि एन. हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह) म्हणजे डी. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या लिहिताना साधा र न घेता शिफ्ट-जे वरचा ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य, नाहीतर ‘दुसर्या’ उमटतं. क्ष शिफ्ट-७ वर, ज्ञ शिफ्ट-५ वर.

गावातला टंकलेखक श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल घेऊन येईल आणि पडद्यावर चिन्हांचा चिवडा दिसेल. ती फाइल युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) नाही, फॉन्ट टाकून दिसेल तरी ऑनलाइन फॉर्ममध्ये चालणार नाही. बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. त्यातून काढल्यावर र्‍हस्व वेलांट्या आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

कमी दिसणाऱ्यांसाठी मिंटमध्ये ओर्का हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो आणि ईस्पीकचा मराठी आवाजही. आवाज यांत्रिक आहे, पण एका जागेला हेडफोन लावून हे चालू करून ठेवा.

७. पुढच्या माणसाला मागच्याचं आधार दिसू नये

सार्वजनिक संगणकाचा सगळ्यात मोठा धोका विषाणू नव्हे, डाउनलोड फोल्डर. त्यात आधार, पासबुक, जातीचे दाखले पडलेले असतात. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असतो. गावात तो कोणालाही जुळवता येतो.

उपाय मिंटमध्येच आहे. लॉगइन खिडकीच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांचं सत्र चालू करा. माणूस बाहेर पडला की त्याच्या फाइली, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं पुसलं जातं. याचीच दुसरी बाजू: पेनड्राइव्हवर किंवा मेलवर न घेतलेलं कामही जातं. हे मोठ्या अक्षरांत प्रत्येक पडद्याखाली लिहा, नाहीतर पहिल्या आठवड्यातच भांडण होईल.

शेजारी फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांकही लावा. आणि खोली चालवणाऱ्याने कोणाचाही ओटीपी स्वतः टाकू नये. त्यात मदत वाटते, पण पैसे गेले तर बोट त्याच्याकडेच वळतं.

८. नेट गेल्यावरही खोली चालली पाहिजे

एका यंत्रावर किविक्स (नेटशिवाय विकिपीडिया दाखवणारा प्रोग्रॅम) टाका आणि मराठी विकिपीडियाची त्याला चालणारी झिम फाइल उतरवून ठेवा. त्याच यंत्रावरून बाकीच्या पाचांना ब्राउझरमध्ये तो वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, इयत्तेनुसार फोल्डर करा. कोलिब्री ही शिकण्याची व्यवस्थाही नेटशिवाय चालते आणि तिच्यात गणिताचे सराव आहेत. हे सगळं नेट चांगलं असेल त्या रात्री भरून ठेवायचं.

९. पहिले पंधरा दिवस

येणारा माणूस अडाणी नसतो, त्याने मोबाइल पाच वर्षं वापरलेला असतो. त्याला अडतं ते माउस, शिफ्टची कळ आणि ‘सेव्ह केलं ते गेलं कुठे’ इथे. पहिल्या दिवशी पत्त्यांचा डाव खेळू द्या. ओढणं, सोडणं, दोनदा टिचकी मारणं आपोआप येतं. दुसऱ्या दिवशी स्वतःचं नाव मराठीत. तिसऱ्या दिवशी फाइल पेनड्राइव्हवर घेणं. माउस तुमच्या हातात घेऊ नका, बोलून दाखवा.

त्यानंतर त्याच्या कामाचंच घ्या: सात-बारा, शिष्यवृत्तीचा फॉर्म, निकाल. त्या आधी एक प्रश्न विचारा, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का आणि फोन सोबत आहे का? अर्ध्या खेपा याच एका गोष्टीपायी वाया जातात. बंद नंबर या खोलीतल्या संगणकावरून बदलता येत नाही, तो आधी बदलून घ्यावा लागतो. दुसरी अडचण फोटोच्या आकाराची: फॉर्म ५० केबी मागतो आणि मोबाइलचा फोटो ४ एमबीचा असतो. फोटो लहान करायची कृती चार ओळींत छापून भिंतीला लावा.

छपाईला साधा काळा-पांढरा लेझर घ्या; शाईचा प्रिंटर आठ दिवस न वापरल्यास सुकतो. लिनक्सवर चालतो ना, एवढं आधी विचारा.

१०. महिन्याचं काम

पहिल्या सोमवारी: बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, आरसीसीबीचं टेस्ट बटण, धूळ, नोंदवहीची बेरीज. पावसाळ्यात कोणी आलं नाही तरी सगळी यंत्रं आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, नाहीतर ओल आत बसते. विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर नेटवर्कची वायरही काढायची.

मेलेली यंत्रं भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्यासाठी वायरी जाळतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्याप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याला द्या आणि पावती डेडस्टॉकच्या पानाला टाचा. त्याआधी डिस्क आणि चालू रॅम काढून सातव्या यंत्राच्या खोक्यात ठेवा.